रेल्वे धावते स्वस्तात, थांबते महागात

रेल्वेच्या टपावर पवनचक्क्या बसवल्या तर फुकट वीज मिळेल, असा एक संदेश दर काही महिन्यांनी फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. सोबत ‘शास्त्रज्ञांना हे सुचत कसं नाही?’ असा सवालही असतो. सुचतं हो, पण टपावरचं पातं ज्या वाऱ्यावर फिरणार तो वारा इंजिनाच्याच जोरावर उभा राहिलेला असतो. पात्यामुळे वाढलेला हवेचा विरोध मोडायला जितकी ऊर्जा जाते, त्याहून कमीच वीज हाती येते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम परीक्षेपुरता पाठ केला की असे संदेश पुढे ढकलायला काही वाटत नाही.

गंमत म्हणजे फुकटाच्या बरीच जवळ जाणारी एक गोष्ट रेल्वेत खरोखरच आहे. तिच्यासाठी टपावर न चढता चाकाखाली वाकून बघावं लागतं.

सपाट, सरळ रुळांवर सावकाश चाललेली गाडी चालती ठेवायला दर टनामागे साधारण १५ न्यूटन बल पुरतं. दीड किलोची पिशवी उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढ्यात एक टन माल पुढे सरकत राहतो. चांगल्या रस्त्यावर ट्रकला त्याच एका टनासाठी ६० ते ७० न्यूटन लागतात. रेल्वे विजेवर चालते म्हणून किफायतशीर, असं पुष्कळांना वाटतं. पण डिझेल इंजिन जोडलं तरी हा चौपटीचा फरक तसाच राहतो.

मग लोखंड गुळगुळीत, म्हणून घर्षण कमी? हे उत्तर सोपं आहे, पण चुकीचं. घरंगळणारं चाक रुळावर जवळजवळ घासतच नाही. टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो. ऊर्जा जाते ती दबण्यात.

कुठलंही चाक वजनाखाली टेकतं तिथे किंचित चपटं होतं. फिरताना टेकलेल्या जागेचा पुढचा अर्धा भाग दाबला जात असतो, मागचा अर्धा मोकळा होत असतो. दाबताना घातलेली ऊर्जा मोकळं होताना पूर्ण परत मिळाली असती, तर तोटा शून्य. रबर तसं वागत नाही. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांवर घासतात आणि काही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. लांबच्या प्रवासानंतर टायर गरम लागतो तो यामुळेच. या तुटीला हिस्टेरेसिस म्हणतात.

आता हेच बलांच्या भाषेत. पुढच्या अर्ध्या भागात रस्ता चाकाला जास्त जोराने वर रेटतो, मागच्या अर्ध्यात कमी जोराने. त्यामुळे रस्त्याच्या एकूण प्रतिक्रिया बलाची रेषा आसाच्या बरोबर खालून न जाता जराशी पुढून जाते. वजन आसातून खाली, प्रतिक्रिया थोडी पुढून वर. या जोडीतून चाकाला उलटं फिरवू पाहणारा पीळ, म्हणजे आघूर्ण, तयार होतं. ते पुढे सरकलेलं अंतर भागिले चाकाची त्रिज्या, हाच रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक, म्हणजे घरंगळण्याला होणारा विरोध वजनाच्या कितवा भाग आहे तो आकडा. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या ट्रकच्या चाकात हे अंतर तीन-साडेतीन मिलिमीटर भरतं. रेल्वेच्या चाकात बेअरिंगचा वाटा धरूनही ते एका मिलिमीटरच्या आत राहतं.

कारण पोलाद दबतं फार थोडं आणि घेतलेलं जवळपास सगळं परत करतं. भरलेल्या मालडब्याच्या एका चाकावर ११ टन भार सहज येतो आणि तो पेलणारी जागा असते जेमतेम एक चौरस सेंटिमीटरची. तिथला दाब ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या हजारपटीहून अधिक असतो! असे दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की काय होतं, याचं गणित हाइनरिश हर्ट्झनं १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. रेडिओलहरींवाला हर्ट्झ तो हाच.

इतक्या कमी विरोधाची सवय झालेल्या गाडीला चढ मात्र जड जातो. १०० मीटरला १ मीटर चढ असला तर दर टनामागे ९८ न्यूटन वाढतात. ट्रकचा विरोध त्यानं अडीच पट होतो, रेल्वेचा साडेसात पट. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालतात किंवा सरळ बोगद्यात शिरतात.

थांबण्याचा हिशेब याहून बोलका आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानं चाललेल्या एका टनात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. नुसत्या १५ न्यूटनच्या विरोधावर सोडलं तर ती संपायला नऊ किलोमीटर लागतील. (हवेचा विरोध इथे सोडून दिलाय, तो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि भरधाव गाड्यांत मुख्य खर्च त्याचाच असतो.) दर दोन किलोमीटरला थांबणारी उपनगरी गाडी घरंगळण्यात टनामागे ३० किलोज्यूल घालवते आणि ब्रेकमध्ये १३९.

यातली बरीच ऊर्जा परत मिळवता येते. ब्रेक लावताना मोटरच जनित्रासारखी चालवायची आणि वीज वरच्या तारेत सोडायची. पण ती घ्यायला जवळपास वेग घेणारी दुसरी गाडी हवी. तशी नसली, आणि उपकेंद्रालाही ती वीज मागे ढकलता येत नसली, तर ती गाडीवरच्या रोधकांत (विजेची उष्णता करणाऱ्या भागांत) जाळून टाकावी लागते.

चालकाच्या हातातला उपाय साधा आहे: स्टेशनच्या बरंच आधी मोटर बंद करून गाडी नुसती घरंगळू द्यायची. ब्रेक लावेपर्यंत वेग ६० वरून ५४ वर आला, तर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते. त्यासाठी वेळापत्रकात काही सेकंदांची सवड लागते, आणि उशिरा धावणाऱ्या गाडीला नेमकी तीच मिळत नाही.