स्पॅनिश अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांचे पुतळी-युद्धखेळ

स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींनी सु. १८१० ते १८२६ या काळात दिलेले स्वातंत्र्यलढे रंगवलेल्या सैनिकपुतळ्या, नकली डोंगर-नद्या, मोजपट्टी आणि फासे घेऊन मेजावर पुन्हा लढण्याचा छंद. चुकिसाका व ला पास (आजचे बोलिव्हिया) येथील उठावांमुळे काही जण आरंभ १८०९ धरतात. खेळापुरता हा वाद गौण आहे, कारण पटावर मांडण्याजोग्या मोठ्या लढाया त्यानंतरच्याच. शेवट कायाओ (पेरूचे बंदर) व चिलोए (चिलीचे बेट) येथील स्पॅनिश शरणागतीपाशी (जानेवारी १८२६) मानण्यास हरकत नसावी.

युद्धखेळाची वंशावळ चतुरंगापासून सांगण्याचा प्रघात आहे. ब्रन्सविकच्या हेल्विगने १७८० च्या सुमारास बुद्धिबळाचाच पट वाढवून १,६१७ घरांचा केला आणि घरांना भूप्रदेशानुसार रंग दिले, हे त्या मताच्या बाजूने पडते. प्रशियाचा राइसविट्झ (१८१२) व त्याचा मुलगा (१८२४) यांनी मात्र घरे काढून टाकली. नकाशा, फासे व पंच ही त्रयी त्यांची. यावरून बुद्धिबळात दैवाला जागा नव्हती आणि युद्धखेळात ती आली, म्हणजे नाते तुटले, असा युक्तिवाद केला जातो. तो पुरता टिकत नाही. अल्-बीरूनीने वर्णिलेल्या चौघांच्या चतुरंगात फासे होतेच. तरीही सलग धागा दाखवता येत नसल्याने चतुरंगाला पणजोबा न म्हणता दूरचा भाऊबंद म्हणणे अधिक सुरक्षित. पुतळ्यांच्या हौशी खेळाचे पहिले गाजलेले नियम एच. जी. वेल्सचे (१९१३). त्यांत खेळण्यातल्या तोफेने खरोखर गोळी उडवून शिपाई पाडत. महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडतात, त्याची येथे आठवण होणे साहजिक आहे. पण त्या मांडणीत हारजितीचे नियम नसतात, म्हणून तो युद्धखेळ नव्हे.

पुतळ्या बहुधा २८, १५ वा ६ मिमी. उंचीच्या असतात. एक पुतळी २० किंवा ३३ सैनिकांच्या जागी धरली, तर ६०० जणांची पलटण ३० किंवा १८ पुतळ्यांत बसते. जमिनीचे प्रमाण वेगळे ठेवावे लागते. एक मिमी.ला एक मीटर धरल्यास सहा फूट बाय चार फुटांच्या मेजावर सुमारे १.८ गुणिले १.२ किमी. रणांगण मावते, मात्र त्या हिशेबाने २८ मिमी.चा शिपाई २८ मीटर उंच ठरतो. ही विसंगती सर्वांनी मुकाट्याने मान्य केलेली आहे. चिलीतील माइपूची लढाई (५ एप्रिल १८१८) अशा मेजावर बसवता येते. स्वातंत्र्यपक्षाचा सेनापती सान मार्तीन याने १८१७ च्या आरंभी सुमारे ५,००० माणसे व त्याहून अधिक खेचरे घेऊन आंदीज ओलांडला, तो प्रवास बसत नाही. तो नकाशावर वेगळा खेळून, वाटेत किती जनावरे दगावली ते फाशाने ठरवून, मग उरलेल्या पुतळ्या मेजावर आणतात.

रंगकामाचा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. नेपोलियनकालीन युरोपच्या पुतळ्या सहज मिळतात आणि १८१५ नंतर ब्रिटनचे शिलकी गणवेश अमेरिकेत आल्यामुळे त्या वापरणे अगदीच चूक नाही. पण ‘स्पॅनिश’ बाजू म्हणजे गोरे स्पॅनिश शिपाई ही समजूत टाकून द्यावी लागते. सेनापती मोरिल्योने स्पेनहून आणलेली १८१५ ची मोहीम वगळता राजपक्षाच्या (म्हणजे स्पेनच्या राजाच्या बाजूच्या) फौजेत बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले होते. नुमान्सिया ही राजपक्षाची पलटण तर डिसेंबर १८२० मध्ये सबंधच्या सबंध सान मार्तीनला मिळाली. तेव्हा त्याच पुतळ्या सकाळी राजाच्या आणि दुपारी प्रजासत्ताकाच्या बाजूने मांडता येतात. उलट सान मार्तीनच्या सातव्या व आठव्या पलटणींत मुक्त केलेले कृष्णवर्णीय गुलाम होते. व्हेनेझुएलातील काराबोबो येथे (२४ जून १८२१) उत्तरेकडील स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार याच्याकडून ब्रिटिश स्वयंसेवक लढले.

व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानांतील यानेरो भालाईत हे या खेळाचे खास आकर्षण. स्वतःचा घोडा, रुंद कडांची टोपी, पाय बहुधा अनवाणी: आपल्याकडील शिलेदाराशी तुलना सुचते, पण ती ताणू नये. १८१४ मध्ये हे लोक बोव्हेस या सरदाराच्या हाताखाली राजाच्या बाजूने लढले, पुढे पाएस या दुसऱ्या सरदाराच्या मागे प्रजासत्ताकाकडून. २८ मिमी.च्या यानेरोचा भाला पाचेक सेंमी. लांब येतो. ओतीव धातूचा भाला पेटीतून काढतानाच वाकतो, म्हणून हौशी मंडळी पुतळीची मूठ बारीक गिरमिटाने भोकून तीत पोलादी तार बसवतात.

नियमांची खरी परीक्षा पेरूतील हुनीन येथे (६ ऑगस्ट १८२४) होते. सुमारे ४,१०० मी. उंचीवरील या घोडदळाच्या चकमकीत एकही गोळी सुटली नाही, असे सर्वत्र सांगितले जाते. राजपक्षाचा सेनापती कान्तेराक याच्या स्वारांनी बोलिव्हारचे घोडदळ मोडले, पण पाठलागात ते स्वार स्वतःच विस्कळीत झाले आणि बाजूला राहिलेल्या पेरूच्या हुसारांनी (हलक्या घोडदळाने) सुआरेसच्या नेतृत्वाखाली त्यांना मागून गाठले. गोळीबारावर बेतलेले युरोपीय नियम येथे लंगडे पडतात. जिंकलेल्या पथकाने फासा टाकून आपण थांबतो की बेफाम धावतो हे ठरवावे, हा एक नियम जोडला तरच लढाई ओळखू येते. विरळ हवेसाठी दर काही पाळ्यांनी घोड्यांची चाल कमी करण्याची पद्धतही योग्य वाटते.

पेरूतीलच आयाकूचोच्या लढाईतील (९ डिसेंबर १८२४) फौजांचे आकडे वादग्रस्त आहेत. बोलिव्हारचा सेनापती सूक्रे याच्या वृत्तांताप्रमाणे त्याचे ५,७८० व स्पेनचा व्हाइसरॉय (राजप्रतिनिधी) ला सेर्नाचे ९,३१०. राजपक्षीय अधिकाऱ्यांच्या लेखनात दुसरा आकडा बराच उतरतो. सूक्रेचे आकडे घेतल्यास सूक्रेचा खेळाडू फार क्वचित जिंकतो. त्यावर उपाय म्हणून राजपक्षाच्या पलटणी उतारावरून एकेक करून मेजावर येतील असे बंधन घालतात, आणि ते प्रत्यक्ष घटनेशी जुळते. लढाई आधीच संगनमताने ठरली होती, हे मत फारसे ग्राह्य धरले जात नाही.

मेक्सिकोकडे या छंदाचे लक्ष कमी. काल्देरोनच्या पुलावर (१७ जानेवारी १८११) बंडाचा नेता इदाल्गो याचा दारूगोळ्याचा गाडा स्फोटाने उडाला आणि त्याचा प्रचंड जमाव फुटला. हा प्रसंग क्वचित खेळला जातो. चिलीच्या आरमाराचा ब्रिटिश सेनानी कॉक्रन याच्या कारवाया जहाजांच्या वेगळ्या नियमांनी खेळतात. क्यूबातील १८९५–९८ चे युद्ध याच सदरात घालतात, परंतु तेथील बंदुका मागून भरायच्या असल्याने नियम निराळे लागतात.