ड्युसेलडॉर्फ की म्युनिक? जर्मन चित्रकलेची दोन घराणी

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या अमेरिकन, नॉर्वेजियन किंवा ग्रीक चित्रकाराची माहिती वाचायला घेतली की दोन-तीन ओळींतच 'पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेला' हे वाक्य भेटतं. आपण ते वाचून पुढे जातो. पण तिथे थांबून विचारावं, जर्मनीत म्हणजे नेमकं कुठे? उत्तर ड्युसेलडॉर्फ असेल तर डोळ्यांपुढे एक चित्र यायला हवं, आणि म्युनिक असेल तर अगदी वेगळं. ह्या दोन्हींना 'जर्मन वळण' म्हणून एकाच टोपलीत टाकलं की दोन्हींवर अन्याय होतो. ड्युसेलडॉर्फवर जरा जास्तच.

कलेच्या इतिहासात ह्यांना 'ड्युसेलडॉर्फ स्कूल' आणि 'म्युनिक स्कूल' म्हणतात. इथे 'स्कूल' म्हणजे शाळेची इमारत नव्हे, घराणं. ग्वाल्हेर आणि किराणा दोन्हीकडे ख्यालच गातात, तरी कान तयार असेल तर फरक कळायला मैफल संपायची वाट पाहावी लागत नाही. तसंच हे. दोन्ही शहरांत अकादमी होती, पण घराणं अकादमीच्या भिंतींपेक्षा मोठं होतं. फिनलंडची फॅनी चुर्बर्ग ड्युसेलडॉर्फला आली तेव्हा अकादमीत स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून तिने तिथल्या चित्रकाराकडे खासगी शिकवणी लावली. आज तिची वादळी निसर्गचित्रं ड्युसेलडॉर्फ घराण्याचीच म्हणून ओळखली जातात. (छायाचित्रणातही 'ड्युसेलडॉर्फ स्कूल' आहे, तेही त्याच अकादमीतलं. पण ते १९७६ नंतरचं, बेर्न्ड आणि हिला बेखर यांच्या शिष्यांचं. त्याचा ह्या विषयाशी संबंध नाही.)

दोन्ही घराण्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि मला वाटतं घोळाचं कारणही तेच आहे. ड्युसेलडॉर्फमध्ये पूर्वीच्या राजघराण्याचा चित्रसंग्रह युरोपभर नावाजलेला होता. सतराव्या शतकातला थोर फ्लेमिश चित्रकार रुबेन्स, त्याची कितीतरी चित्रं त्यात होती. १८०५-०६ मध्ये नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत तो संग्रह हलवला गेला आणि म्युनिकला पोचला. आज तो तिथल्या आल्टे पिनाकोटेक ह्या संग्रहालयात आहे. रुबेन्सचं मेरीच्या स्वर्गारोहणाचं प्रचंड चित्र तेवढं हलवता आलं नाही, म्हणून ते ड्युसेलडॉर्फमध्येच राहिलं. पुढे १८१९ मध्ये प्रशियाच्या सरकारने तिथली अकादमी नव्याने उभी केली आणि चित्रकार पेटर कॉर्नेलियस यांना प्रमुख नेमलं. काही वर्षांतच तेही म्युनिकला गेले, सोबत शिष्यही घेऊन. आधी चित्रं गेली, मग गुरू गेला.

१८२६ मध्ये विल्हेल्म शाडो ड्युसेलडॉर्फचे संचालक झाले आणि १८५९ पर्यंत राहिले. त्यांच्या हाती आली ती जुन्या उस्तादांच्या चित्रांवाचून राहिलेली अकादमी. म्युनिकचा विद्यार्थी सकाळी पिनाकोटेकमध्ये जाऊन रुबेन्सची नक्कल करू शकत होता. ड्युसेलडॉर्फच्या विद्यार्थ्याकडे काय होतं? ऱ्हाईन नदी, आजूबाजूच्या टेकड्या, आणि बरोबरीचे मित्र. शिर्मर आणि लेसिंग या दोन तरुणांनी १८२७ मध्ये निसर्गचित्राच्या रचनेसाठी एक मंडळच काढलं. बाहेर जाऊन खडक, झाडाचं खोड, ढग यांचा अभ्यास करायचा आणि मग चित्रशाळेत बसून त्यातून चित्र रचायचं. निसर्गचित्रण तेव्हा इतिहासचित्राच्या मानाने दुय्यम समजलं जाई. ड्युसेलडॉर्फने त्याला अकादमीत मानाची जागा दिली, आणि जगाला ह्या शहराकडून नेमकं तेच हवं होतं.

शिवाय चित्रं विकायचीही सोय होती. १८२९ मध्ये तिथे कलासंघ स्थापन झाला. सभासद वर्गणी भरत, संघ चित्रं विकत घेई आणि सोडतीने ती सभासदांत वाटली जात. घराच्या भिंतीवर मावेल, पाहताक्षणी गोष्ट कळेल अशा चित्राला त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं.

ड्युसेलडॉर्फचं काम कसं चाले हे इमानुएल लॉइट्सच्या चित्रशाळेत शिरलं की दिसतं. हा जर्मनीत जन्मून फिलाडेल्फियात वाढलेला चित्रकार १८४१ मध्ये ड्युसेलडॉर्फला परतला. १८४८ च्या युरोपातल्या क्रांत्या फसल्यावर त्याने तिथेच, ऱ्हाईनकाठी, वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतो आहे हे चित्र काढायला घेतलं. वॉशिंग्टनसाठी त्याला जर्मन मॉडेल पसंत पडेनात; शहरात आलेला कोणी अमेरिकन दिसला की तो त्याला पकडून आणी. वर्दिंग्टन व्हिट्रेज हा तरुण चित्रकार असाच सापडला. त्याच्या आठवणीत आहे की वॉशिंग्टनचा झगा एकाच बैठकीत रंगवून व्हावा म्हणून तो गणवेश घालून, दुर्बीण धरून दोन तास न हलता उभा होता, आणि शेवटी पडायच्या बेतात आला तेव्हा त्याच्या घशात शॅम्पेन ओतली गेली. नावेचा सुकाणू धरणाऱ्यासाठीही तोच उभा राहिला. एका झग्याच्या घडीसाठी एवढा खटाटोप! ड्युसेलडॉर्फची शिस्त ती हीच: आधी नेमकं रेखाटन, मग प्रत्येक वस्तू समोर ठेवून तपासलेली, आणि कडा स्वच्छ. त्यातला बर्फ डेलावेअरपेक्षा ऱ्हाईनचा वाटतो हेही खरंच.

त्या चित्राची पहिली प्रत चित्रशाळेतल्या आगीत डागाळली, दुरुस्त होऊन ब्रेमेनच्या संग्रहालयात गेली आणि १९४२ मध्ये बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. दुसरी, सुमारे साडेसहा मीटर रुंद, १८५१ मध्ये न्यूयॉर्कला पोचली तेव्हा पन्नास हजारांहून जास्त लोकांनी ती पाहिली. १८४९ पासून तिथे ब्रॉडवेवर 'ड्युसेलडॉर्फ गॅलरी'च सुरू होती. म्हणजे अमेरिकन तरुण बोटीत बसण्याआधीच त्या घराण्याची चित्रं पाहून बसलेला असे.

पण मला ड्युसेलडॉर्फचं खरं मोठेपण उत्तरेकडे दिसतं. आडोल्फ टिडेमान आणि हान्स गूडे हे दोन नॉर्वेजियन तिथे शिकले. १८४८ मध्ये दोघांनी मिळून हार्डांगर फ्योर्डवरची लग्नाची वरात रंगवली. डोंगर, पाणी आणि उजेड गूडेचा, माणसं टिडेमानची. मुकुट घातलेली नवरी नावेत बसली आहे, एक जण फिडल वाजवतो आहे, एक जण आनंदाने बंदुकीचा बार काढतो आहे, आणि वर हिमाच्छादित कडे. नॉर्वेला तेव्हा स्वतःची ओळख हवी होती. ती ह्या चित्रात मिळाली, आणि रंगवणारा हात ड्युसेलडॉर्फचा होता. गूडे पुढे तिथेच प्राध्यापक झाला. फिनलंडचा वेर्नर होल्मबर्ग तिथूनच आपल्या देशाची जंगलं रंगवत राहिला आणि १८६० मध्ये तिशी गाठण्याआधीच तिथे वारला. रशियाचा निसर्गचित्रकार शिश्किन १८६४-६५ मध्ये तिथे राहिला. ड्युसेलडॉर्फ परिसराच्या चित्रावर त्याला रशियन अकादमीची मानाची पदवी मिळाली. शिकायला परमुलखात जायचं आणि परत येऊन रंगवायचं ते आपल्याच गावाचं रान, हे ह्या घराण्यात पुन्हा पुन्हा घडलं.

म्युनिकची गोष्ट नंतरची. १८७० च्या सुमाराला अमेरिकन तरुणांचा ओघ तिकडे वळला. आदल्याच वर्षी म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात फ्रान्सच्या कूर्बेची चित्रं लागली होती, आणि म्युनिकचा चित्रकार विल्हेल्म लाइब्ल याच्याभोवती जमलेल्या मंडळींवर त्यांचा मोठा परिणाम झाला. त्या मंडळींचे देव म्हणजे सतराव्या शतकातले दोन चित्रकार, डच फ्रान्स हाल्स आणि स्पॅनिश वेलास्केझ. पेन्सिलीने आधी सगळं आखून घेणं त्यांना नको होतं. थेट ब्रश उचलायचा, ओल्या रंगावर ओला रंग चढवायचा, आणि फटकारा जसा पडला तसा राहू द्यायचा. तिथे शिकलेल्या अमेरिकन फ्रँक ड्युव्हेनेकचं १८७२ चं शीळ घालणाऱ्या पोराचं चित्र पाहा. गडद पार्श्वभूमीतून चेहरा पुढे येतो, ओठांचा चंबू झालेला, आणि गालावरचे रंगाचे पट्टे सुटे सुटे मोजता येतात. ड्युसेलडॉर्फमध्ये ही चेहऱ्याची सुरुवात ठरली असती, इथे ते पूर्ण चित्र आहे. ह्या वाटेची किंमतही मोजावी लागली: गडद छटांसाठी वापरलेल्या डांबरी तपकिरी रंगाने त्या काळची बरीच चित्रं काळवंडली, तडकली.

अमेरिकन चित्रकार विल्यम मेरिट चेस म्युनिकहून १८७८ मध्ये न्यूयॉर्कला परतला आणि आयुष्यभर शिकवत राहिला. पुढे नावाजलेले चित्रकार एडवर्ड हॉपर आणि जॉर्जिया ओ'कीफ त्याचे विद्यार्थी. म्हणजे म्युनिकचा वारसा गुरुशिष्य परंपरेने गेला, विषयांतून नव्हे.

म्युनिकचं दुसरं अंग तिथल्या अकादमीतल्या कार्ल पिलोटीचं, मोठमोठ्या नाट्यमय इतिहासचित्रांचं. ग्रीसच्या गादीवर १८३२ मध्ये बव्हेरियाचा राजपुत्र ओटो बसला आणि अथेन्सच्या तरुणांची वाट म्युनिककडे वळली. लित्रास, गिझिस हे पिलोटीकडे शिकले, आणि ग्रीक कलेतला तो सगळा काळच 'म्युनिक घराणं' म्हणून ओळखला जातो. रशियाविरुद्धचा १८६३ चा उठाव फसल्यावर कितीतरी पोलिश चित्रकारही तिथे जमले, युझेफ ब्रांटच्या चित्रशाळेभोवती.

तेव्हा समोर चित्र आलं की कडा पाहाव्यात. झाडाचं पान, कोटाचं बटण, बर्फाचा तुकडा वेगळा उचलता येईल इतका स्पष्ट असेल आणि सगळ्यात मिळून एखादी गोष्ट सांगितली जात असेल, तर ड्युसेलडॉर्फ. कडा अंधारात विरघळत असतील आणि नजर ब्रशच्या हालचालीवर खिळत असेल, तर बहुधा म्युनिक. पिलोटीच्या शिष्यांपुढे मात्र ही खूण फसते, तिथे साल आणि गुरूचं नाव पाहावंच लागतं. आणि पाटीवर 'हडसन रिव्हर' (अमेरिकन निसर्गचित्रकारांचं घराणं) लिहिलं असेल तरी ड्युसेलडॉर्फ विसरू नये. त्या घराण्यातल्या आल्बर्ट बीरश्टाटने १८६३ मध्ये रॉकी पर्वताचं तीन मीटर रुंद चित्र काढलं ते प्रवासात केलेल्या अभ्यासांवरून, चित्रशाळेत रचून. ही रीत तो १८५३ ते १८५७ ह्या काळात ड्युसेलडॉर्फच्या चित्रकारांमध्ये राहून शिकला होता.

वॉशिंग्टनचा झगा घालून उभा राहिलेला व्हिट्रेज दहा वर्षांनी, १८५९ मध्ये, मायदेशी परतला आणि अडचणीत सापडला. युरोपात रचलेली नीटनेटकी निसर्गचित्रं हाताला इतकी सवयीची झाली होती की पडक्या ओंडक्यांचं, गुंतलेल्या झुडपांचं अमेरिकन रान कसं रंगवावं हे त्याला सुचेना. तो न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या जंगलात जाऊन महिनोन्महिने एकटा राहिला. १८६४ च्या त्याच्या एका चित्रात रानातलं एक डबकं आहे, भोवती बर्चची पांढरी खोडं, आणि काठाशी कुजत पडलेली आदिवासींची होडी. माणूस कुठेच नाही. बर्चच्या सालीवरचा एकेक चरा मात्र आखल्यासारखा स्पष्ट आहे.