डिप्लॉय झालं म्हणजे रिलीज झालं असं नाही

जून 2024 मध्ये व्हॉट्सॲपवर मेटा एआयचा निळा गोल भारतात आला, तेव्हा आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात एकाच घरात एका भावाच्या मोबाईलवर तो दिसायचा, दुसऱ्याच्या नाही. दोघांचंही ॲप अपडेट, व्हर्जनही तेच. "काहून रे भाऊ, माह्या मोबाईलात तो गोल काहून नाही?" गावी गेलं की हा प्रश्न ठरलेला. काहींनी तर दुकानात जाऊन 'सॉफ्टवेअर मारून' घेतलं आणि त्यात लेकरांचे फोटो गेले. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशा वेळी मोबाईल बिघडलेला नसतो. कोड बहुतेक दोन्ही फोनांत आधीच पोचलेला असतो. फक्त एकाला तो उघडून दिलेला असतो, दुसऱ्याला अजून नाही.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नवा कोड सर्व्हरवर किंवा फोनपर्यंत पोचवणं म्हणजे डिप्लॉय. तो लोकांच्या वापरात आणणं म्हणजे रिलीज. विहिरीवर मोटर बसवली, केबल ओढली, मीटर लागलं, इथवर डिप्लॉय. स्टार्टर दाबून दांडात पाणी सोडलं, की रिलीज.

पुसद, वणी, यवतमाळकडची इंजिनिअरिंगची पोरं मुलाखतीत हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. त्यांचा दोष नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये कोड सर्व्हरवर चढला की त्याच क्षणी सगळ्यांना दिसतो, आणि सगळे म्हणजे वर्गातली चार डोकी. कोट्यवधी लोक वापरतात तिथे असं करणं परवडत नाही. गूगलच्या एसआरई विभागाचा, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांचा, अनुभव असा, की सेवा बंद पडण्याच्या साधारण 70 टक्के घटना चालू यंत्रणेत केलेल्या बदलांमुळे होतात. म्हणून बदल पोचवण्याची जोखीम आणि लोकांना दाखवण्याची जोखीम एकाच वेळी अंगावर घ्यायची नाही, ही तिथली शिस्त.

या शिस्तीमुळे कामाची वाटणीही बदलते. डिप्लॉय हे इंजिनिअरचं रोजचं काम असतं. कोड रिव्ह्यू झाला, टेस्ट पास झाल्या, की कोड आधी थोड्या सर्व्हरवर जातो, चुका वाढत नाहीत ना ते पाहतात, मग बाकीच्यांवर. रिलीजला मात्र बरेच जण बसतात: प्रॉडक्ट मॅनेजर, कायदा बघणारे, ग्राहकांचे फोन घेणारे, भाषांतर करणारे. मराठीतला मजकूर तयार नसेल, तर कोड कितीही पक्का असो, थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे.

दोन्हींच्या मध्ये उभा असतो फीचर फ्लॅग. कोडमध्ये एक अट असते: फ्लॅग चालू असेल तर नवं दाखव, नसेल तर जुनं. समजा फ्लॅग 10 टक्क्यांवर ठेवला. मग प्रत्येकाचा युजर आयडी आणि फ्लॅगचं नाव एकत्र करून त्यातून 0 ते 99 मधला एक आकडा काढतात. ज्याचा आकडा 10 पेक्षा कमी, त्याला नवं दिसतं. हिशेब तोच असल्याने त्याच माणसाला दर वेळी तेच उत्तर मिळतं, आणि टक्का 20 केला तरी आधीचे लोक आतच राहतात. एका घरातल्या दोन भावांना वेगळं दिसतं ते यामुळे. देश, भाषा, फोनचं मॉडेल अशा अटीही लावता येतात.

इथे एक गफलत नेहमी होते. ॲपलच्या स्टोअरवर नवं व्हर्जन सात दिवसांत टप्प्याटप्प्याने देता येतं: 1, 2, 5, 10, 20, 50, 100 टक्के. टक्के दिसले म्हणून तो फ्लॅग नव्हे. तिथे व्हर्जन पोचवलं जातंय. शिवाय फोनवर एकदा उतरलेलं व्हर्जन कंपनीला ओढून परत नेता येत नाही. ज्या गावात रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथे दुरुस्तीचं अपडेट पोचायला आठवडे जातात. फ्लॅगची खबर मात्र अगदी चिमुकली. तेवढी रेंज मिळते.

फेसबुकने 2008 मध्ये चॅट आणलं तेव्हा आधी ते 'डार्क लाँच' केलं. लोकांची पानं गुपचूप चॅट सर्व्हरशी बोलत होती, खोटे संदेशही पाठवत होती, पण पडद्यावर काहीच नव्हतं. पूर्ण डिप्लॉय, शून्य रिलीज. भार पेलतो हे आधीच कळलं.

उलट उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीचं. 1 ऑगस्ट 2012. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातवरच गेला. त्यात नव्या कामासाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. फ्लॅग चालू होताच आठव्या सर्व्हरवर अनेक वर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरींचा पूर सुटला. घाबरून त्यांनी सात सर्व्हरवरचा नवा, चांगला कोड काढला. फ्लॅग तसाच चालू, त्यामुळे आता आठही सर्व्हर जुना कोड चालवू लागले. साधारण 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून जास्त बुडाले. रिलीज मागे घ्यायचं सोडून त्यांनी डिप्लॉय मागे घेतलं.

म्हणून काम झालेला फ्लॅग आणि त्यामागचा मेलेला कोड काढून टाकणं हेही कामच आहे. शेवटच्या वर्षाला असाल आणि बाजार समितीचे कापूस-सोयाबीनचे भाव दाखवणारं ॲप करत असाल, तर डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल ठेवा: फ्लॅगचं नाव, टक्का, कोणी बदलला, कधी बदलला, काढायची तारीख. ओलाव्याचा नवा रकाना आधी 10 टक्क्यांना दाखवा. चुकीचा आकडा आला तर टक्का शून्य करा, कोडला हात नंतर लावा. मुलाखतीत "चालू यंत्रणेत बिघाड झाला तर आधी काय कराल?" हे हमखास विचारतात, आणि तेव्हा तुमच्याकडे स्वतः करून पाहिलेलं उत्तर असेल.