सरहद्दीवरील प्रणयकथेची मुळे

अमेरिकेच्या सुरुवातीच्या सरहद्दीवर घडणाऱ्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांचा उगम शोधत गेले, की प्रेमकथेच्या आधी बंदिवासाची कथा हाती लागते. फेब्रुवारी १६७६मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर या वस्तीवर मूलनिवासी योद्ध्यांनी हल्ला केला आणि तेथील धर्मोपदेशकाची पत्नी मेरी रोलंडसन हिला मुलांसह पकडून नेले. तिची सहा वर्षांची जखमी मुलगी वाटेतच तिच्या कुशीत मरण पावली. सुमारे अकरा आठवड्यांनी वीस पौंडांची खंडणी भरून मेरीची सुटका झाली. १६८२मध्ये छापलेल्या तिच्या निवेदनात प्रणयाला जागा नाही. बंदिवास ही ईश्वराने घेतलेली परीक्षा आणि घरी परतणे ही त्याची कृपा, अशी त्याची मांडणी आहे. तरीही परक्या माणसांत एकटी पडलेली स्त्री हा पुढच्या कथांचा गाभा तेथेच ठरला.

या गाभ्यात प्रेमाचा प्रश्न शिरला तो न परतलेल्या स्त्रियांमुळे. फेब्रुवारी १७०४मध्ये मॅसॅच्युसेट्समधीलच डिअरफील्ड या वस्तीवरील हल्ल्यात शंभराहून अधिक लोक कॅनडाकडे नेले गेले. त्यांत पाद्री जॉन विल्यम्स यांची सात वर्षांची मुलगी युनिस होती. वडील १७०६मध्ये सुटून आले. मुलगी मात्र माँट्रियलजवळच्या काहनवाके येथे मोहॉक या मूलनिवासी जमातीच्या कुटुंबात वाढली, इंग्रजी विसरली आणि तिने अरोसेन या मोहॉक तरुणाशी लग्न केले. १७१३मध्ये तिला परत आणण्यासाठी गेलेल्या जॉन स्कायलर यांनी बराच वेळ तिची मनधरणी केली, तेव्हा ती मोहॉक भाषेतले दोनच शब्द बोलली. त्यांचा शब्दशः अर्थ ‘कदाचित नाही’ असा असला, तरी मोहॉक लोकांत तो स्पष्ट नकार समजला जातो, असे स्कायलर यांनी नोंदवले आहे. पुढे ती पतीसह नातेवाइकांना भेटायला आली, पण राहिली नाही. माझ्या मते या संपूर्ण साहित्यप्रकाराचा खरा आरंभ त्या दोन शब्दांत आहे, कारण कोणाला आपले म्हणायचे हे तेथे एका स्त्रीने स्वतः ठरवले होते.

दुसरा धागा केंटकीतला आहे. १४ जुलै १७७६ रोजी बून्सबरोजवळ नदीत होडीतून फिरणाऱ्या, सरहद्दीवरचे वसाहतकार डॅनियल बून यांच्या मुलीला, जेमायमाला, कॅलवे कुटुंबातील दोन बहिणींसह पळवण्यात आले. मुलींनी वाटेत फांद्या मोडल्या, कपड्यांच्या चिंध्या टाकल्या, ओल्या मातीत टाचा रुतवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली आणि काही आठवड्यांतच थोरल्या कॅलवे मुलीने सोडवायला आलेल्यांपैकी सॅम्युअल हेंडरसन याच्याशी लग्न केले. सुटका आणि पाठोपाठ विवाह हा साचा पुढे असंख्य कादंबऱ्यांनी उचलला.

१८२०च्या दशकात हे दोन्ही धागे कादंबरीत आले. जेम्स फेनिमोर कूपर यांनी पाठलाग आणि सुटकेची बाजू घेतली, तर अवघड बाजू दोन स्त्रियांनी हाताळली. लिडिया मारिया चाइल्ड बाविशीत असताना त्यांची ‘होबोमॉक’ ही कादंबरी १८२४मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. तीत प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या प्रोटेस्टंट पंथातली, नायिका मूलनिवासी पुरुषाशी लग्न करते. मात्र बुडाला असे समजलेला तिचा जुना प्रियकर परतताच पती निघून जातो आणि मुलाच्या नावातून वडिलांचे नाव हळूहळू गाळले जाते. विल्यम्स घराण्याशी नाते असलेल्या कॅथरीन मारिया सेजविक यांच्या १८२७च्या ‘होप लेस्ली’त मात्र नायिकेची बहीण मूलनिवासी पतीकडेच राहते. मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा १८३०मध्ये झाला, हे लक्षात घेता चाइल्ड यांच्या पुस्तकातले ते पतीचे निघून जाणे वाचताना मन विषण्ण होते.

१८६०मध्ये दहा सेंटांच्या स्वस्त कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली, तिचे पहिलेच पुस्तक गोऱ्या शिकाऱ्याच्या मूलनिवासी पत्नीची शोकांतिका सांगणारे होते. पुढे बराच काळ सरहद्दीची कथा मुख्यतः पुरुषांच्या साहसाची राहिली. १९७०च्या दशकात अमेरिकेत ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांची पेपरबॅक लाट आली, तेव्हा अपहरणाचा जुना साचा परतला, पण अपहरणकर्ताच नायक झाला आणि त्याची आई किंवा आजी बहुधा गोरी निघू लागली. या साच्यावर मूलनिवासी वाचक आणि अभ्यासकांनी कठोर आक्षेप घेतले आहेत. नायिकेला समाजाने परत स्वीकारावे यासाठी नायकाचे रक्त अंशतः बदलण्याची गरज या लेखकांना भासली; युनिसला ती कधीच भासली नव्हती.