चित्रफितींचे पेटंट आणि १९९५ चा प्रबंध

व्हिडिओचे नवे भाग इंटरनेटवरून क्रमाने पोहोचवण्याची कल्पना मुळात कोणाची, हा प्रश्न पेटंटच्या नावीन्याचा निवाडा करताना निर्णायक नसतो. दाव्यात, म्हणजे शोधाची हद्द सांगणाऱ्या पेटंटमधील क्रमांकित कलमात, नोंदवलेला प्रत्येक घटक, त्याच मांडणीत, आधारतारखेपूर्वी (ज्या तारखेपासून नावीन्य मोजले जाते तिच्यापूर्वी) सार्वजनिक झालेल्या एकाच संदर्भात, म्हणजे दस्तऐवजात, सापडतो का, एवढेच पाहिले जाते. एकही घटक कमी पडला, तर त्या संदर्भाने दावा पूर्वज्ञात, म्हणजे आधीच उघड झालेला, ठरत नाही. तो जाणकाराला सहज सुचला असता का, ही चौकशी वेगळी.

‘पर्सनल ऑडिओ’ या अमेरिकी कंपनीला २०१२ मध्ये मिळालेले ‘पॉडकास्टिंगचे पेटंट’ १९९६ ची आधारतारीख सांगत होते. ध्वनी असो वा चित्र, प्रत्येक भागाला स्वतंत्र वेबपत्ता आणि नवा भाग येताच अद्ययावत होऊन ठरलेल्या पत्त्यावर मिळणारी सूची, हा त्यातील ३१व्या दाव्याचा गाभा होता. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये त्याला आव्हान देताना एमआयटीतील १९९५ चा एक प्रबंध पुढे केला. शाळांसाठीचा ‘सीएनएन न्यूजरूम’ हा कार्यक्रम डिजिटल करून, त्याचे तुकडे पाडून, विषयसूचीसह वेबवर ठेवण्याच्या प्रकल्पाचे वर्णन त्यात होते.

एकाच कार्यक्रमातील बातम्यांचे तुकडे ‘भाग’ ठरत नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. पेटंट कार्यालयाच्या मंडळाने मात्र, परस्परसंबंधित खंडांच्या मालिकेतील कार्यक्रमखंड म्हणजे ‘भाग’, असा अर्थ लावला. माझ्या मते अशा प्रकरणांतील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, कारण तुलना करण्याआधी शब्दाचा अर्थ पेटंटच्याच वर्णनातून निश्चित करावा लागतो आणि उल्लंघनाचा आरोप करताना व्यापक धरलेला शब्द नावीन्याच्या परीक्षेत आक्रसून घेता येत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये टेक्सासमधील ज्यूरीने हेच पेटंट वैध मानून सीबीएस या प्रसारण कंपनीविरुद्ध १३ लाख डॉलरची भरपाई ठरवली होती. न्यायालयात पेटंट अवैध ठरवायला स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो, तर मंडळापुढे पुराव्याचे पारडे जड असणे पुरते. एप्रिल २०१५ मध्ये मंडळाने सीएनएनच्या संदर्भावरून ३१ ते ३५ हे दावे पूर्वज्ञात ठरवले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो निर्णय कायम केला.