टॅक्स सेव्हर एफडी करमुक्त नसते

मार्चमध्ये बँकेत ‘टॅक्स वाचवायचाय’ म्हटलं की दोनपैकी एक फॉर्म पुढ्यात येतो: पीपीएफचा (सरकारची १५ वर्षांची बचत योजना), नाहीतर पाच वर्षांच्या टॅक्स सेव्हर एफडीचा. जुन्या करप्रणालीत वजावट दोन्हींवर मिळते (दीड लाखाची मर्यादा अशा सगळ्या गुंतवणुकींची मिळून, प्रत्येकाची वेगळी नव्हे), म्हणून दोन्ही एकच वाटतात. फरक व्याजात आहे.

एफडीत कर वाचतो तो पैसे ठेवताना, एकदाच. पुढे दरवर्षीचं व्याज उत्पन्नात धरावं लागतं. दीड लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर पहिल्या वर्षी व्याज साधारण १०,७८० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह त्यातले ३,३६० रुपये कराला गेले. बँकेने टीडीएस (व्याजातून आधीच कापायचा कर) कापला नाही, म्हणजे कर नाही, असं धरून लोक हे व्याज विवरणपत्रात दाखवायचंच सोडतात आणि मग नोटीस येते.

पीपीएफचं व्याज आणि शेवटी हाती येणारी रक्कम, दोन्ही करमुक्त. नव्या करप्रणालीतसुद्धा. तिथे वजावट नाही, त्यामुळे टॅक्स सेव्हर एफडीत पाच वर्षं पैसे अडकवण्यात काही अर्थ उरत नाही; साधी एफडी निदान मोडता तरी येते. टॅक्स सेव्हर एफडी मुदतीआधी मोडता येत नाही, तारण ठेवून कर्जही मिळत नाही.

पीपीएफची खरी मेख तारखांत आहे. महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज. दर ७.१ टक्के धरला तर दीड लाख ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला भरल्यास ८८७ रुपये गेले. चेक द्यायचा तर दोन-तीन दिवस आधीच द्या.

१५ वर्षं मोजतात ती खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून. ३१ मार्चला उघडलेलं खातं दुसऱ्या दिवशी उघडलेल्या खात्यापेक्षा एक वर्ष आधी पिकतं. वर्षाला किमान ५०० रुपये भरायचे. चुकलं तर खातं बंद पडतं आणि ते सुरू करायला थकबाकी अधिक वर्षाला ५० रुपये दंड.

मुदत संपल्यावर पैसे भरत राहायचे असतील, तर वर्षभराच्या आत पाच वर्षांच्या मुदतवाढीचा फॉर्म द्या. फॉर्म न देता भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही.