तैनाती फौज (नागपूर राज्य)

तैनाती फौज : बलाढ्य सत्तेने मित्र राज्याच्या रक्षणासाठी त्या राज्याच्याच खर्चाने ठेवलेली कवायती फौज. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वेलस्ली (कार्यकाळ १७९८–१८०५) याने ही पद्धत हिंदुस्थानभर पसरवली. हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये, पेशवा दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईत आणि नागपूरकर भोसल्यांनी मे १८१६ मध्ये ती पत्करली. शालेय इतिहासात हे तह दुबळ्या राजांच्या शरणागतीची यादी म्हणून येतात. पण बलाढ्य पक्ष हा मित्रांचा गोतावळा कशासाठी जोपासत होता, हे पाहायचे तर नागपूरसारखे दुसरे उदाहरण नाही.

आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव यांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. त्यात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गमावले, दरबारात कंपनीचा रेसिडेंट (कायमचा प्रतिनिधी) येऊ दिला. तैनाती फौज मात्र घेतली नाही. मरेपर्यंत, म्हणजे १८१६ पर्यंत, ते या नकारावर ठाम राहिले. मधल्या काळात, १८०९ मध्ये, पठाण सरदार अमीरखानाने नागपूरवर चाल केली तेव्हा तैनातीचा तह नसतानाही कंपनीने भोसल्यांच्या बाजूने फौज धाडली. यात औदार्य फारसे नव्हते. नागपूर अमीरखानाच्या हाती गेले असते, तर पेंढाऱ्यांना, म्हणजे लुटारू घोडेस्वारांच्या टोळ्यांना, निजामाच्या हद्दीपर्यंत रान मोकळे झाले असते.

रघूजींचे पुत्र परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ होते. चुलतभाऊ अप्पासाहेब आणि रघूजींच्या पत्नी बांकाबाईंचा पक्ष यांच्यात सत्तेसाठी ओढाताण सुरू झाली. वाड्यातल्या या भांडणात पाठीराखा हवा म्हणून अप्पासाहेबांनी तहावर सही केली. सहा पायदळ पलटणी, घोडदळाची एक रेजिमेंट आणि तोफखाना यांच्यासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये राज्याने द्यायचे आणि कंपनीला विचारल्याशिवाय अन्य सत्तांशी व्यवहार करायचा नाही, ही त्यातली मुख्य कलमे. यातल्या बऱ्याच पलटणी नागपुरात राहिल्याच नाहीत. पेंढाऱ्यांना अडवण्यासाठी त्या नर्मदेकाठी गेल्या. कंपनीला मध्य हिंदुस्थानात जी आघाडी उभारायची होती, तिचा पगार नागपूरच्या खजिन्यातून निघू लागला.

दुसरे कलम नोव्हेंबर १८१७ मध्ये कसाला लागले. पुण्यात पेशव्यांशी लढाई जुंपली असताना अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या भोसल्यांच्या पदाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्सच्या लेखी हा तहभंग होता. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली (नागपूरकर जिला नुसते ‘बर्डी’ म्हणतात, तीच ही). कंपनीकडे जेमतेम १,३००–१,४०० माणसे होती, भोसल्यांकडे त्यांच्या दसपटीहून जास्त. भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी लहान टेकडी काबीजही केली, पण ती त्यांना टिकवता आली नाही.

लढाईचे वर्णन वीरकथेच्या अंगाने पुष्कळदा झाले आहे. खरे पाहण्यासारखे आहे ते त्यानंतरचे तीन आठवडे. २९ नोव्हेंबरला नर्मदेकडून कुमक आली. ती भोसल्यांच्याच पैशावर पोसलेल्या तैनाती फौजेतली होती. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन येऊन पोहोचला. त्याची फौज हैदराबादची, म्हणजे निजामाच्या तैनातीतली. निजामाने १८०० मध्ये तिच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा हा सगळा मुलूख कायमचा तोडून दिला होता. १६ डिसेंबरला याच फौजेने नागपूरचा निकाल लावला. एका मित्राच्या मुलखाच्या वसुलावर दुसरा मित्र नमवला गेला. सुटे तह पाहिले तर प्रत्येक करार दोघांतला वाटतो. कंपनीच्या दृष्टीने ते एकाच जाळ्याचे धागे होते, आणि कुठलाही धागा ताणला तरी दुसऱ्या टोकाला पलटण हलत होती. मित्रांना आपापसांत बोलायला बंदी होती ती याचसाठी.

आजच्या लष्करी आघाड्यांशी या पद्धतीची थेट तुलना करू नये. सार्वभौम राष्ट्र बाहेर पडू शकते, अप्पासाहेबांना ती मुभा नव्हती. तरी बलाढ्याच्या बाजूचा हिशेब ओळखीचा वाटतो. जपान आणि दक्षिण कोरिया आपल्या भूमीवरील अमेरिकी तळांच्या खर्चाचा वाटा उचलतात. नाटो कराराचे सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले. तेही युरोपातल्या एखाद्या लहान देशासाठी नव्हे, तर ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठी.

अप्पासाहेबांना मार्च १८१८ मध्ये कैद झाली. मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले, कारभार जेंकिन्सकडे गेला. रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. तरीही १८५७ मध्ये वृद्ध बांकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्याच पारड्यात टाकले.

सीताबर्डीच्या टेकडीवर लढाईनंतर किल्ला बांधला गेला. तो आज भारतीय लष्कराकडे असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडला जातो. १८२१ मध्ये वसवलेली कामठीची छावणीही अजून लष्कराच्याच वापरात आहे.